नवा सुपरयूजर करून टाक ना!

"लॉगिन होत नाहीये? मग नवा सुपरयूजर करून टाक ना!"

हे वाक्य मी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. आणि खरं सांगायचं तर किती वेळा स्वतःच उच्चारलं असेल, त्याचाही नाही. ऑफिसात, फोनवर, रात्री अकरा वाजता कुणा मित्राला. आज या वाक्याशी भांडायचं ठरवून बसलोय. ज्यांना कोड वगैरे कळत नाही त्यांनीही थोडं सोसून वाचावं, कारण या वाक्याची किंमत शेवटी जिने मोजली तिलाही कोड कळत नाही.

आधी दोन ओळी ओळखीच्या. जँगो ही वेबसाइट बांधायची पायथॉनमधली चौकट. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ती जन्मली आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुली झाली. (नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. त्यातला 'डी' लिहायचा आणि गिळायचा.) वर्तमानपत्रात जन्मल्यामुळे असेल, पण तिच्याबरोबर एक फार सुंदर गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे ॲडमिन. बातमी लिहिणाऱ्या माणसाला कोड न शिकता मजकूर भरता यावा, बदलता यावा, यासाठी केलेला मागचा दरवाजा. प्रत्येकाला वेगळं खातं, कुणी काय बघायचं, काय बदलायचं, काय पुसायचं याच्या वेगळ्या परवानग्या, आणि कुणी काय केलं याची नोंदवही. मला विचाराल तर जँगोतलं निम्मं शहाणपण या ॲडमिनमध्ये आहे.

आणि त्याची माती करायला एक मिनिट लागतं. क्रिएटसुपरयूजर नावाची आज्ञा आहे. नाव विचारते, ईमेल विचारते, पासवर्ड विचारते, संपलं. सुपरयूजरला जँगो परवानगी विचारतच नाही. कुठल्याही प्रश्नाला उत्तर 'हो'.

आता गोष्ट. माझ्या जुन्या शाळेची साइट मी हौसेने करून दिली होती. शाळेचं नाव सांगत नाही, तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. सूचना, निकाल, आणि आतल्या बाजूला शिष्यवृत्तीच्या मुलांची माहिती: नाव, पालकांचा मोबाइल, बँकेचा खातेक्रमांक. हे सगळं भरायचं काम ऑफिसातल्या बाई करायच्या. मी शाळेत होतो तेव्हाही ऑफिसात त्याच होत्या, माझ्या दाखल्यावर त्यांचंच अक्षर आहे. त्यांना मी वेगळं खातं करून दिलं होतं. सूचना टाकायच्या, विद्यार्थ्यांची माहिती भरायची, दुरुस्त करायची. पुसायची परवानगी नाही. 'पुसा' हे बटणच त्यांना दिसायचं नाही. पुढे मला वेळ होईना म्हणून देखभालीचं काम एका तरुण पोराकडे दिलं. पोरगा हुशार आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार एवढीच की तो माझ्यासारखाच आहे.

२०२३ च्या जूनमध्ये बाईंचं लॉगिन बंद पडलं. पासवर्ड टाकला की लाल पट्टी आणि एक इंग्रजी वाक्य. त्याचा अर्थ असा: स्टाफ खात्याचं बरोबर नाव आणि पासवर्ड टाका, दोन्हींत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडू शकतो. बाईंनी फोन केला. पोरगा म्हणाला, "पासवर्ड चुकतोय बाई." त्यांनी पुन्हा टाकला. कॅप्स लॉक बघितला. कागदावर एकेक अक्षर लिहून, बोट ठेवून टाकला. त्याने बदलून दिला, तोही चालेना. मग शाळेत हळूहळू ठरून गेलं की बाईंना कम्प्यूटर जमत नाही, वय झालं. एका शिक्षकाने तर स्वतः येऊन पासवर्ड टाकून बघितला, तोही नाकारला गेला, तरी चूक बाईंचीच! निकालाची सूचना टाकायची घाई होती, तेव्हा पोराने ते अजरामर वाक्य स्वतःशी म्हटलं आणि ऑफिस-टू नावाचा सुपरयूजर करून दिला. पासवर्ड, अर्थातच, शाळेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो बाईंना माहीत होता, परीक्षा विभागातल्या शिक्षकांना माहीत होता, आणि ज्यांना निकाल चढवायचे होते त्या आणखी एकांना.

तीन आठवड्यांनी कुणीतरी ऑफिस-टूमधून मागच्या एका शैक्षणिक वर्षाची नोंद पुसली. एकच नोंद. पण त्या वर्षाला विद्यार्थी जोडलेले होते आणि रचना अशी होती की वर्ष गेलं की त्याला लटकलेलं सगळं जातं. तीनशेच्या वर मुलं गेली. जँगो अशा वेळी आधी एक पान दाखवतो, हे हे सगळं पुसलं जाईल, नक्की ना? कुणीतरी 'नक्की' म्हटलं. बाईंच्या जुन्या खात्यातून हे शक्यच नव्हतं. बटण तर नव्हतंच. आणि समजा वर्ष पुसायची परवानगी असती, तरी त्याला जोडलेल्या विद्यार्थ्यांना पुसायची नसल्यामुळे जँगोने तिथेच हात धरला असता. तुमच्या खात्याला या गोष्टी पुसायची परवानगी नाही, असं यादीसकट सांगून.

नोंदवहीत काय सापडलं? 'ऑफिस-टू याने पुसलं.' बस. ऑफिस-टू म्हणजे कोण? तिघांपैकी कुणीही. पण कम्प्यूटर बाईंच्या टेबलावर होता, बाईंना कम्प्यूटर जमत नाही हे आधीच सिद्ध झालेलं होतं, तेव्हा मेमो बाईंना मिळाला.

तेव्हा कुठे मला फोन आला. रात्रीचा बॅकअप होता, तो चढवला. मधला अर्धा दिवस गेला, तो बाईंनी पुन्हा बसून भरला. मग मी म्हटलं, आता तुमच्याच खात्यातून काम करा. तर म्हणाल्या, "अरे, ते कुठे चालतंय?" आणि मंडळी, इतकं सगळं समोर असताना मी काय म्हणालो असेन? "पासवर्ड नीट टाका बाई."

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "थांब जरा." साइटवर शिक्षकांसाठी पुढच्या बाजूला वेगळं लॉगिन आहे, रजेचे अर्ज वगैरे भरायला, बाईही ते वापरायच्या. तिथे त्यांनी तोच पासवर्ड टाकला. आत गेल्या. आणि तसंच आत असताना ॲडमिनचा पत्ता उघडला. आता वाक्य वेगळं आलं. त्यांनी मला ते फोनवर एकेक शब्द करत वाचून दाखवलं: तुम्ही अमुक नावाने आत आहात, पण हे पान बघायचा अधिकार तुम्हाला नाही; दुसऱ्या खात्याने लॉगिन करायचंय का? "म्हणजे पासवर्ड बरोबर आहे ना रे माझा?"

बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मी सर्व्हरवर जाऊन काही चालवायच्या आत बाईंनी दोष शोधला होता. आणि तो त्यांनी शोधला वाचून. आम्ही दोघं इंजिनियर लाल पट्टी दिसली की वाचायचं सोडून देतो.

झालं काय होतं ते ऐका. जँगोत प्रत्येक खात्याला इज-स्टाफ नावाची एक खूण असते. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की या माणसाला ॲडमिनच्या दारातून आत येऊ द्यायचं. नव्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला पोराने शिक्षकांची यादी घेऊन एक स्क्रिप्ट चालवली होती. यादीत आहे तो स्टाफ, नाही तो स्टाफ नाही. शाळेच्या भाषेत बाई 'शिक्षकेतर'. खूण गेली. उलट पी.टी.च्या सरांपासून सगळ्यांना ॲडमिनचं दार उघडं झालं. (आत काही दिसलं नसतं, कारण परवानग्या नव्हत्या. पण दार उघडं होतं.) आणि त्या लाल वाक्यात 'स्टाफ खात्याचं' हा शब्द पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, दोष जँगोचा. सरळ सांगायचं ना की पासवर्ड बरोबर आहे पण स्टाफची खूण नाही. या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. दाराबाहेर उभा असलेला माणूस बाईच आहेत की एकामागून एक पासवर्ड घालून बघणारं कुणी यंत्र, हे दाराला कळत नाही. 'पासवर्ड बरोबर आहे' एवढंही त्याला सांगणं म्हणजे अर्धी किल्ली देणं. जँगो यात इतका काटेकोर आहे की नसलेल्या नावाने लॉगिन केलं तरी तो पासवर्ड दळायचं गणित एकदा करतोच. नाहीतर उत्तर किती लवकर आलं यावरून नाव खरं की खोटं ते ओळखता येतं. तेव्हा बाहेरच्याशी मोघम बोलणं मला मान्य आहे. माझी तक्रार अशी आहे की घरमालकाच्या कानातही तो काही सांगत नाही. लॉगिन फसलं की जँगो आतल्या आत एक सिग्नल सोडतो. तो आपण ऐकून लॉगमध्ये लिहायचा, आपोआप लिहिला जात नाही. आणि बाईंच्या बाबतीत तर तोही सुटत नाही, कारण पासवर्डची तपासणी पास झालेली असते, नकार त्यानंतर फॉर्ममध्ये मिळतो. म्हणजे जिथे माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तिथेच वही कोरी. ही खोट आहे, आणि मी जँगोचा भक्त असलो तरी म्हणणार.

पण म्हणून आपण सुटत नाही. कारण प्रश्नाचे दोन तुकडे करायला एक मिनिट पुरतं. सर्व्हरवर जँगोचा शेल उघडायचा, ऑथेंटिकेट नावाचं फंक्शन बोलवायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा. खातं परत आलं तर पासवर्ड बरोबर आहे, माणसाला छळणं तत्काळ थांबवा आणि स्टाफची खूण किंवा कुकी बघा. 'नन' आलं तर मग पासवर्डाकडे वळा. पण तिथेही लगेच 'चुकीचा टाकला' म्हणू नका! खातं निष्क्रिय असेल. नाव लहान-मोठ्या अक्षरात वेगळं असेल. पुष्कळदा तर पासवर्ड साठवतानाच आपण घोळ घातलेला असतो. जँगो पासवर्ड तसाच ठेवत नाही, दळून ठेवतो. सेट-पासवर्ड न वापरता कुणी सरळ त्या रकान्यात शब्द लिहिला, किंवा स्वतःचं यूजर मॉडेल ॲडमिनला साध्या पद्धतीने जोडलं आणि तिथून पासवर्ड भरला, की रकान्यात उघडा शब्द बसतो. मग जगात कुणीही तो बरोबर टाकला तरी जुळणार नाही. किंवा सुपरयूजर केला तो आपल्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये आणि साइट चालतेय दुसऱ्याच डेटाबेसवर. हसू नका, मी केलंय.

तिसरा प्रकार सगळ्यात छळवादी. पासवर्ड टाका, लाल पट्टी नाही, काही नाही, पुन्हा लॉगिनचं पान. इथे पासवर्ड मान्य झालेला असतो, लक्षात ठेवला गेलेला नसतो. सेशनची कुकी 'फक्त सुरक्षित जोडणीवर' अशी ठेवली आणि साइट साध्या एचटीटीपीवर उघडली, तर ब्राउझर ती कुकी ठेवतच नाही. किंवा कुणी हुशारी करून सीक्रेट-की दर वेळी नव्याने बनेल अशी लिहिली, आणि सर्व्हरवर चार वर्कर चार वेगळ्या चाव्या घेऊन बसले. एकाने आत घेतलं, दुसऱ्याने हाकललं. कधी चालतं, कधी नाही. अशा वेळी नवा सुपरयूजर केला तर त्याचंही तेच होतं, आणि आता तुमच्याकडे न चालणारे दोन सुपरयूजर असतात.

आणि ४०३ विसरून कसं चालेल. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून जँगो फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला तेही तपासतो. पुढे एनजिनेक्स एचटीटीपीएस सांभाळतोय आणि मागे जँगोला वाटतंय आपण साध्या एचटीटीपीवर आहोत, असं असलं की दोन पत्ते जुळत नाहीत आणि लॉगिन ४०३ देऊन आपटतं. उपाय एका ओळीचा आहे: सीएसआरएफच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत आपली साइट घालायची, एचटीटीपीएससकट. किंवा खरी जोडणी सुरक्षित आहे हे प्रॉक्सीने जँगोला नीट कळवायचं. पण लोकप्रिय उपाय कुठला? मिडलवेअरमधून सीएसआरएफची ओळच काढून टाकणे. म्हणजे दाराची कडी अडकते म्हणून दार उचकटून ठेवणे. ती ओळ नसली तर तुम्ही साइटवर आत असताना दुसरं कुठलं तरी पान तुमच्या नावाने विनंत्या पाठवू शकतं. मी स्वतः एका शुक्रवारी संध्याकाळी ती ओळ 'तात्पुरती' बंद केली होती. तात्पुरती म्हणजे आठ महिने.

माझं भांडण या 'तात्पुरती'शी आहे. पुण्यामुंबईच्या आमच्या धंद्यात जुगाड या शब्दाचं फार कौतुक चालतं. पैसा नसताना, सुटा भाग नसताना केलेल्या जुगाडाला माझाही सलाम. पण इथे कशाची टंचाई होती? ऑथेंटिकेट चालवायला लागणारं मिनिट आणि क्रिएटसुपरयूजर चालवायला लागणारं मिनिट सारखंच आहे. "वेळ नव्हता सर," असं पोरगा म्हणाला, आणि मला त्याच्या तोंडून माझाच आवाज ऐकू आला. वेळ होता. उत्सुकता नव्हती. आणि पलीकडे कम्प्यूटर न जमणाऱ्या बाई आहेत हे आम्ही दोघांनी धरून चाललो होतो. तीच माहिती पलीकडून एखाद्या इंजिनियरने दिली असती, 'पासवर्ड नक्की बरोबर आहे', तर आम्ही पहिल्या फोनला खूण तपासली असती. बाईंनी ते चार वेळा सांगितलं होतं.

कुणाचं लॉगिन होत नसेल तर तो माणूस साक्षीदार आहे. त्याला विचारा: लाल वाक्य आलं का? काय होतं, वाचून दाखवा. पान गप्प परत आलं का? ४०३ आला का? कालपर्यंत चालत होतं का, आणि काल काय बदललं? हे प्रश्न फुकट आहेत, आणि ते न विचारता नवं खातं उघडणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणायला तयार नाही. त्याने बिघाड तसाच ठेवला, शेजारी भिंत फोडली, आणि आत तीनशे मुलांचे खातेक्रमांक आहेत हे विसरला.

शाळेच्या साइटवर मी मग एकूण सुपरयूजर मोजले. सात निघाले. ॲडमिन, ॲडमिन-वन, टेस्ट, टेंप, ऑफिस-टू, पोराचं स्वतःचं एक, आणि सातवं माझ्याच नावाचं, जे मी केल्याचं मला आठवतही नव्हतं. प्रत्येक खात्यामागे कधीतरी न झालेलं एक लॉगिन आहे. आता दोन ठेवलेत, बाकी निष्क्रिय. पोरगा डिलीटच करायला निघाला होता, त्याला थांबवलं. खातं पुसलं की नोंदवहीतल्या त्या खात्याच्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात. म्हणजे कुणी पुसलं हा प्रश्नच पुसला गेला असता.

बाईंच्या खात्यावर स्टाफची खूण परत लावली. त्या आता आपल्या नावाने आत जातात, पुसायचं बटण त्यांना दिसत नाही, त्यांना नकोही आहे. मुख्याध्यापकांना मी दोन पानी पत्र दिलं: पासवर्ड बरोबर होता, चूक आमच्या स्क्रिप्टची, ऑफिस-टू तिघांकडे होतं, नोंद कुणी पुसली हे आता कधीच कळणार नाही, तेव्हा मेमो मागे घ्यावा. त्यांनी पत्र समोरच वाचलं. "बघू," म्हणाले, "सध्या दहावीच्या फॉर्मची गडबड आहे."

दहावीचे फॉर्म त्यानंतर दोनदा भरून झालेत. मेमो अजून बाईंच्या फाइलीत आहे.